हुबेहूब आणि भाऊबंद

पहिल्या दिवशी सरांनी मला बसायला सांगितलं नाही. आधी नाव विचारलं. मी पहिलं नाव सांगितलं. ते वाट पाहत उभेच. मी आडनाव जोडलं, तरी त्यांची मान हलेना. वडिलांचं नाव, गाव, तालुका असं सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"हां, आता बसा. जिल्ह्यात तुमच्या नावाच्या मोप पोरी असतीन. आमच्याकडं कोणती आली, हे मले समजलं पायजे का नाही?"

यवतमाळला लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस होतं. खाली केबलची भेंडोळी आणि शिड्या, वरच्या मजल्यावर कंट्रोल रूम. जिल्हाभर पसरलेल्या इंटरनेटच्या लाइनी आम्ही तिथून सांभाळायचो. ग्रामपंचायती, शाळा, बँका, दवाखाने, मोबाइलचे टॉवर, सगळं त्या लाइनींवर चालायचं. भिंतीवर एक मोठा पडदा आणि त्यावर प्रत्येक यंत्राचा एक ठिपका. ठिपका हिरवा असला की ठीक. लाल झाला की फोन फिरवायचे, गाडी पाठवायची. सर या खोलीचे मुख्य. पन्नाशी उलटलेले, उंच, काटकुळे, नेरकडच्या एका तांड्यावरचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. सर म्हणायचे, "पणज्यानं मिठाच्या गोण्या वाह्यल्या, मी डेटाची पाकिटं वाहून राह्यलो. धंदा तोच आहे. फक्त बैल गेले."

मे महिन्यात यवतमाळ तव्यासारखं तापलेलं असताना हा माणूस डोक्याला लोकरीचा मफलर गुंडाळून बसायचा, कारण यंत्रांसाठी खोली थंड ठेवावी लागायची. चपला दाराबाहेर काढून ठेवायचा. "कायले काढता सर, देऊळ थोडंच आहे?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "देवळात तरी लोकं दोन मिनिटं थांबतात. इथं आपण दिवसभर राहतो. घरात चपला घालता का तुम्ही?" चाकांच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. बसल्या जागेवरून आपण घरंगळत जातो ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. हिवाळ्यात घरून ओल्या तुरीच्या शेंगा उकडून आणायचे आणि कीबोर्डच्या बाजूला वर्तमानपत्र पसरून सगळ्यांना खाऊ घालायचे. टरफलं मात्र स्वतः उचलायचे.

आणि त्यांची भाषा! एखादी लाइन बंद पडली की सगळं जग 'डाऊन' म्हणतं. सर म्हणायचे 'निजली'. "वणी निजलं, उठवा त्याले." "घाटंजीचा डोळा लागून राह्यला, नजर ठेवा." सॉफ्टवेअरमध्ये बंद यंत्रासमोर 'डेड' असा शब्द यायचा. त्यांनी सेटिंगमध्ये शिरून तो काढून टाकला आणि तिथं 'उत्तर नाही' असं लिहिलं. नागपूरहून बदलून आलेल्या मॅनेजरसाहेबांनी विचारलं, हे काय केलं? सर म्हणाले, "साहेब, उत्तर नाही एवढंच आपल्याले माहीत आहे. मेलं का नाही ते तिथं जाऊन पाह्यल्याशिवाय कसं म्हणू?"

यंत्रांना नावं देणं हे त्यांचं खास काम. दुसऱ्या कुणाला ते करू देत नसत. आधी तालुका, मग गाव, मग गावातली जागा आणि शेवटी यंत्र, असं लांबलचक नाव ते इंग्रजी अक्षरांत लिहायचे. जागा स्वतः पाहिल्याशिवाय नाव द्यायचे नाहीत. एखाद्या पाड्यावरच्या शाळेत लहानसा डबा बसवला तरी सर जीपमध्ये बसून निघायचे, शाळा पाहायचे, मास्तरांशी बोलायचे, पाणी प्यायचे आणि संध्याकाळी येऊन नाव टाईप करायचे. ऑफिसच्या गेटवर एक कुत्रा असायचा. त्याचंही नाव त्यांनी त्याच पद्धतीनं ठेवलं होतं, 'यवतमाळ लोहारा गेट काळा'. पुढं तिथंच एक तांबडा कुत्रा यायला लागला, तेव्हा सर समाधानानं म्हणाले, "पाह्यलं? रंग टाकला होता म्हणून निभावलं."

एवढ्या नावांचा उपयोग काय, ते मला हळूहळू कळत गेलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नियम लिहिता यायचे. अमुक नावाच्या यंत्राकडून धोक्याची सूचना आली की तमुक माणसाला कळव, किंवा तिथं दुरुस्ती चालू आहे, तर आजच्या दिवस त्याच्या सूचना दाखवू नकोस, असे. नियमात एक चौकट असायची. तिच्यात नाव लिहायचं आणि शेजारी निवड करायची. लिहिलेलं नाव संपूर्ण जुळलं तरच नियम लावायचा, की नावाचा तुकडा जुळला तरी चालेल? इंग्रजीतले ते दोन शब्द सरांना कोरडे वाटायचे. त्यांचे शब्द होते हुबेहूब आणि भाऊबंद. "इथं हुबेहूब लावा. भाऊबंद लावसान तर एकाले बोलावलं आन् अख्खं खटलं जेवाले आलं, असं होईन."

हे नीट समजावं म्हणून ते प्रत्येक नव्या माणसाला एकदा केळापूरला घेऊन जायचे. मी त्याच बाजूची. म्हटलं, सर, मला ठाऊक आहे केळापूर. तरी नेलं. गावात पारावर उभं करून म्हणाले, "हे केळापूर गाव. आन् तालुक्याचंही नाव केळापूर, पण त्याची कचेरी तिकडं पांढरकवड्यात. आता तुम्ही नियमात नुसतं केळापूर लिहिलं आन् भाऊबंद लावलं, तर या एका टॉवरसाठी अख्ख्या तालुक्याचं तोंड बंद होईन. समजलं?"

"हाव सर."

"इथं उभं राहून समजलं, ते ध्यानात राहीन."

पण हुबेहूबचा हट्ट ते सगळीकडे धरायचे असंही नाही. एका शाळेतलं यंत्र विजेनं जळालं. त्या जागी नवं बसवलं तर त्याच्या नावाला कंपनीनं शेवटी एक शेपूट जोडून पाठवलं होतं. हुबेहूब लावलेले सगळे नियम त्याला अनोळखी ठरवायला लागले. सरांनी तिथं मुद्दाम भाऊबंद लावलं. "शाळा तीच, भिंत तीच, पोरं तीच. यंत्र नवं आलं म्हणून काय वळख सोडाची?"

त्यांच्या घरचं आम्हाला फारसं ठाऊक नव्हतं. लग्न केलं नव्हतं. तांड्यावर म्हातारी आई होती. तिला ते 'याडी' म्हणायचे, त्यांच्या बोलीत आई. रोज नेरच्या एसटीनं जा-ये करायचे. यवतमाळला खोली का घेत नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "याडी तिकडं आन् मी इकडं, असं कसं जमन?" दुपारी शेजारीण घरात जाऊन फोन लावून द्यायची. सर खोलीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून त्यांच्या बोलीत हळू आवाजात बोलायचे. तेवढ्या वेळात आमच्यापैकी कुणी त्यांना हाक मारायचं नाही.

मग ती एप्रिलमधली दुपार आली. दुसऱ्या दिवशी नेरच्या लाइनवर खोदकाम होणार होतं. तिथल्या यंत्राच्या सूचना तेवढा वेळ दाबून ठेवायचा नियम लिहायचा होता. सरांचा कॉम्प्युटर अडकला होता म्हणून ते माझ्या जागेवर बसले. मी उठून मागे उभी राहिले. त्यांनी इंग्रजीत नेरची तीन अक्षरं टाईप केली. पुढचं लांबलचक नाव यायचं बाकी होतं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

फोनवर ती शेजारीण होती. ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू आलं. याडी घरात नव्हती. दार उघडं टाकून कुठं निघून गेली, कुणालाच माहीत नव्हतं. विहिरीकडे माणसं पाहायला गेली होती.

सर उठले. उठता उठता बटण दाबलं. चपला घालायचंही भान त्यांना राहिलं नाही. ते तसेच अनवाणी जिना उतरले. मी चपला हातात घेऊन खाली धावले, तोवर ते ड्रायव्हरच्या मोटरसायकलवर बसून गेटबाहेर पडले होते. मी वर आले, माझ्या जागेवर बसले आणि माझ्या कामाला लागले. त्यांनी लिहिलेलं तपासावं असं कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी वादळ आलं. पुसद, उमरखेडकडच्या डोंगराळ भागात झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले. अशा वेळी आमच्या टॉवरांवरचे जनरेटर आपोआप सुरू होतात, आणि डिझेल सरत आलं की आम्हाला सूचना येते. मग आम्ही गाडी पाठवतो. त्या दिवशी सूचना आलीच नाही. संध्याकाळच्या पाळीतल्या लोकांना वाटलं, सगळं ठीक आहे.

सकाळी मी कामावर आले आणि माझ्या डोळ्यांदेखत डोंगराकडचे ठिपके एकामागून एक लाल होत गेले. इंटरनेट गेलं, त्यावरचे मोबाइल गेले. फोन करायचा तरी कुणाला? तिकडे फोन लागतच नव्हता. गाडी रवाना केली, पण रस्त्यात झाडं पडलेली.

दुपारपर्यंत दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की तिथल्या एका सरकारी दवाखान्यात एक बाई अडली होती. तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला अँब्युलन्स हवी होती आणि फोन चालत नव्हते. तिचा दीर मोटरसायकल घेऊन, पडलेली झाडं ओलांडत पुढच्या मोठ्या गावी गेला आणि तिथून अँब्युलन्स घेऊन आला. बाई वाचली, मूलही वाचलं. पण थोडक्यात. दुसरी गोष्ट पडद्यावरच सापडली. आदल्या दिवशी लिहिलेल्या नियमात नेरची तीनच अक्षरं होती, आणि शेजारी निवड होती भाऊबंद. कारण आपण बदललं नाही तर सॉफ्टवेअर स्वतःहून तेच धरतं. वेळ भरायची राहिली होती, म्हणून नियम तेव्हाच लागूही झाला होता. आणि इंग्रजीत जनरेटर लिहिलं की त्याच्या पोटात ही तीन अक्षरं ओळीनं येतात. नेरसाठी लिहिलेल्या एका नियमानं जिल्ह्यातल्या सगळ्या जनरेटरांचं तोंड बांधलं होतं.

नियमाखाली नाव होतं माझं. माझ्याच लॉगिनवर तो लिहिला होता.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तक्रार वरपर्यंत गेली होती. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. म्हणाले, "तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर आहात. मला आज काहीतरी वर कळवावंच लागेल."

"मी नाही केलं साहेब."

"मग कोणी केलं?"

याडी सापडली की नाही, मला माहीत नव्हतं. सरांचा फोन लागत नव्हता. ज्या माणसाच्या आईला कदाचित विहिरीत शोधत असतील, त्याचं नाव त्या घडीला माझ्या तोंडून निघेना. घरी धाकट्या बहिणीचं शिक्षण माझ्या पगारावर चाललेलं, तेही डोळ्यांसमोर येत होतं. साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत विचार करा.

त्याआधीच सर आले. कपड्यांवर चिखल वाळलेला, पायात दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला. आल्या आल्या मला म्हणाले, "याडी भेटली. नाल्याच्या पलीकडं एका शेतात झाडाखाली बसून होती. बरी आहे." मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी नियम उघडला, वाचला, खालचं नावही वाचलं. मग म्हणाले, "तुमच्या नावावर लागलं हे?"

"हाव सर."

"तुम्ही सांगितलं नाही साहेबाले?"

"नाही."

"काहून?"

त्यांनी मफलर काढून घडी केला, टेबलावर ठेवला आणि केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं नाही. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. आधी त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, साहेब त्यांना रोज पाहत असताना. आणि मग म्हणाले, "तो नियम मी लिहिला. तिच्या जागेवर बसून लिहिला. ती मागं उभी होती, तिनं हात लावला नाही. तसं लिहून घ्या, मी सही करतो."

साहेब म्हणाले, "अहो, तुमच्या आईचं असं झालं होतं. ते लिहू ना आपण."

"ते कायले? डिझेल काय याडीनं संपवलं?"

दोन दिवसांनी ते त्या डोंगरातल्या गावी जाऊन आले. कुणी पाठवलं नव्हतं. ड्रायव्हर भाऊ सांगत होते, सरांनी त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन, ओट्यावर उभं राहून, चूक कुणाची होती ते सांगितलं. मी सरांना विचारलं, मग काय म्हणाले ते लोक? सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मी शिव्या खाले गेलतो. तिच्या सासूनं चहा पाजला. पोराले माह्या मांडीवर ठेवलं." आणि थोड्या वेळानं, "शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यांची बदली झाली. कंट्रोल रूममधून काढून नेरच्या स्टोअरमध्ये, केबल आणि खांबांच्या हिशेबावर. पडद्याशी त्यांचा संबंध संपला. जाताना त्यांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. माझं काम कायम झालं, पुढं त्यांची जागाही माझ्याकडे आली. मी अधूनमधून फोन करायची. नवं यंत्र बसलं की नाव काय ठेवू, विचारायची. ते विचारायचे, "जागा पाहून आल्या का?" नसेल पाहिली तर फोन ठेवून द्यायचे.

पुढच्या हिवाळ्यात मी कामानं नेरला गेले. सर म्हणाले, "घरी चला. तांडा जवळच आहे." तांडा म्हणजे पन्नास-साठ घरांची वस्ती, भोवती कपाशी आणि तूर. सरांचं घर दोन खोल्यांचं, अंगण सारवलेलं. याडी दारात बाजेवर बसली होती. लहानखुरी, हातात पांढऱ्या बांगड्या कोपरापर्यंत. आम्हाला पाहून तिचा चेहरा उजळला. तिनं हाक मारली, "रामधन!"

सर म्हणाले, "हाव याडी." आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

मला वाटलं, घरचं लाडाचं नाव असेल. पण जेवताना तिनं पुन्हा पुन्हा तेच नाव घेतलं, आणि त्यांच्या बोलीत काहीबाही विचारलं. ट्रक कुठं उभा केला, कापसाच्या गाठी पोचल्या का, असं. सर एकेकाचं उत्तर देत होते. ट्रक नाक्यावर आहे. गाठी पोचल्या.

हात धुवायला बाहेर आलो तेव्हा मी विचारलं, "सर, रामधन कोण?"

"मोठा भाऊ माहा. ट्रक चालवे. नागपूरच्या रोडवर अपघातात गेला. लय वर्षं झाली." ते लोट्यातून माझ्या हातावर पाणी घालत होते. "त्या दिवशी ती घरातून निघाली ना, त्यालेच आणाले निघाली होती. तवापासून मी तिच्यासाठी रामधनच आहे."

"तुम्ही तिला सांगत नाही?"

"सुरवातीले सांगत होतो. याडी, मी रामधन नाही, तो गेला. तर तिले ते दरवेळी नव्यानंच समजे. नव्यानंच ऊर बडवून रडे. सांज झाली का इसरे, आन् सकाळी पुन्हा हाक." त्यांनी लोटा खाली ठेवला. "दोनतीनदा तिचा पोरगा मीच मारला. मग सोडून देलं."

"आणि तुमचं नाव? ती कधी घेत नाही?"

"इचारते ना कधी कधी. धाकटा कुठी आहे म्हणते. मी सांगतो, यवतमाळले नोकरीवर आहे, चांगलं चालू आहे त्याचं. खूश होते."

आम्ही आत आलो. याडीनं मला हातानं जवळ बोलावलं आणि बाजेवर बसवलं. माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि काहीतरी विचारलं. मला त्यांची बोली समजत नव्हती, पण 'कमली' हे नाव समजलं. मी सरांकडे पाहिलं. ते एकदम अवघडले.

"रामधनची बायको कमली. तो गेल्यावर ती माहेरी गेली, तिचं दुसरं लग्न झालं. तुम्हाले पाहून याडी म्हणून राह्यली, इतके दिवस काहून लावले कमली?" मग घाईनं म्हणाले, "तुम्ही मनावर घेऊ नका. मी सांगतो तिले, ह्या ऑफिसच्या मॅडम आहेत म्हणून."

"नका सांगू," मी म्हटलं. आणि याडीकडे वळून म्हणाले, "आली मी याडी. कामं निघाली होती जरा."

तिला किती कळलं कोण जाणे. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोलत राहिली. कपाशीबद्दल असेल, शेजारणीबद्दल असेल, मी हूं हूं करत राहिले. सर उंबऱ्यावर बसून आमच्याकडे पाहत होते. मध्येच त्यांनी तोंड फिरवलं आणि तुरीच्या शेताकडे बघत बसले.

थोड्या वेळानं फाट्यावरून एसटीचा हॉर्न आला. सर उठून उभे राहिले. "तुमची गाडी आली."

याडीनं बोलणं थांबवलं नव्हतं, आणि हातही सोडला नव्हता. मी म्हटलं, "जाऊ द्या सर. दुसरी येईल."